ओठांतलं बटण

भिंगरीने परवान्याची परीक्षा कधी द्यावी, यावर जेवणाच्या टेबलाभोवती चर्चा सुरू झाली तेव्हा पहिल्या तारखेच्या जागा शिल्लक होत्या. चर्चा संपली तेव्हा नव्हत्या.

भिंगरी नुकतीच डॉक्टरकी पास झाली होती. पदवी मिळाली होती, पण पदवी म्हणजे परवाना नव्हे. काही आठवड्यांनी तिला मोठ्या हॉस्पिटलात निवासी डॉक्टर म्हणून रुजू व्हायचं होतं आणि रुजू होताना परवाना हातात हवा होता. नसला तर तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार होती. मधल्या या सुट्टीत परीक्षेच्या दोन तारखा होत्या. एक लगेचची, दुसरी अगदी शेवटची.

"माझं ऐक, पहिली घे," मामा म्हणाला. "आत्ता सगळं डोक्यात कसं गरमागरम—"

"—आहे, म्हणूनच ते डोकं जरा थंड होऊ दे," आई म्हणाली. "पोरगी किती दिवसांत धड झोपली नाही. दुसरी तारीख घ्यावी, तोवर—"

"—तोवर सगळं विसरून जाईल."

"मामा, मी काही विसरणार नाही. मला फक्त थोडा—"

"—आराम हवाय, तेच सांगतेय मी," आई म्हणाली.

बाबा टेबलाच्या टोकाला बसले होते. ते म्हणाले, "मी काय म्हणतो, हा माझा डावा—"

"—डाव्या बाजूचीच तारीख पहिली आहे, दाजी, बरोबर," मामा म्हणाला. "दाब गं डावीकडे."

भिंगरीने मोबाइलवर डावीकडे दाबलं. पडद्यावर आलं की या तारखेच्या सर्व जागा भरल्या आहेत. उरली ती शेवटची तारीख. रुजू होण्याच्या जेमतेम आठवडाभर आधीची. म्हणजे आता पुन्हा बसायची सोय नव्हती. एकच फेरी.

या घरात कोणाचंही वाक्य पुरं होत नसे. आईला समोरचा काय बोलणार ते आधीच कळलेलं असायचं, निदान तिला तसं वाटायचं. मामाची गोष्ट वेगळी होती. तो हौशी नाटक मंडळींत प्रॉम्प्टर होता. उभ्या हयातीत तो एकदाही रंगमंचावर आला नाही, पण विंगेत बसून त्याने मंडळींची सगळी नाटकं पुढे ढकलत नेली. नटाने श्वास घ्यायला जरी तोंड उघडं ठेवलं तरी मामा पुढचं वाक्य पुरवायचा. पुढेपुढे त्याला भाजीवाल्याचंही वाक्य पुरवल्याशिवाय चैन पडेना. भिंगरी या दोघांच्या हाताखाली वाढली. तिला भिंगरी हे नाव पायांमुळे पडलं होतं, पण ते जिभेला जास्त शोभायचं.

बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं. ते वाक्य सुरू करत, कोणीतरी ते संपवी आणि बाबा मान डोलवत. वाक्य भलतीकडेच गेलेलं असलं तरी डोलवत.

तारीख पक्की झाल्यावर भिंगरी झपाटून अभ्यासाला लागली. लेखी भागाची तिला धास्ती नव्हती. धास्ती होती दुसऱ्या भागाची. त्यात एका खोलीत खोटा रोगी बसवलेला असतो. आपण त्याला खरा मानून त्याची विचारपूस करायची, तपासायचं, काय झालंय ते समजावून सांगायचं आणि हे सगळं परीक्षक काचेपलीकडून बघत असतात. कॉलेजने या भागाची एक सराव परीक्षा घेतली. भिंगरी खोलीतून बाहेर आली ती चेहरा फुलवूनच, कारण सगळ्यांत आधी तीच बाहेर आली होती.

"रोग बरोबर ओळखलास," तिच्या मॅडम म्हणाल्या. "पण रोग्याचं एक तरी वाक्य पूर्ण ऐकलंस का? तो म्हणाला 'मला काल रात्रीपासून' आणि तू म्हणालीस—"

"—'ताप येतोय', बरोबर होतं ना मॅडम?"

मॅडमनी हातातलं पेन बंद केलं. "या एका सवयीपायी तू नापास होशील," त्या म्हणाल्या.

घरी येऊन भिंगरीने हे सांगितलं. म्हणजे निम्मं सांगितलं, उरलेलं आईने आणि मामाने आपसांत सांगून टाकलं. पण धोका कितपत आहे हे सगळ्यांना समजलं.

"सराव," मामा म्हणाला. "याला तालीम हाच उपाय. तुला रोगी हवेत ना? मी देतो."

मामाचा उत्साह असा होता की त्याला अडवणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाहेरची खोली दवाखाना झाली. टेबलाला पांढरी चादर आली. पलंगाच्या आड एक पडदा टांगला गेला आणि पडद्यामागे स्टूल टाकून मामा बसला. पहिला रोगी म्हणून आई आली. तिने पोटात दुखतंय असं सांगितलं, भिंगरीने कुठे ते विचारायच्या आत पडद्यामागून उत्तर आलं आणि मग आईनेच भिंगरीला औषध सांगितलं. सगळा प्रकार मिनिटभरात आटोपला.

"आपल्या आपल्यांत जमायचं नाही," मामा म्हणाला. "बाहेरचे नट हवेत."

बाबा दुकानातून नुकतेच आले होते. शर्ट खुंटीला अडकवायचा होता, तो त्यांनी उजव्या हाताने वळसा घालून कसाबसा अडकवला. "मी बसू का रोगी म्हणून?" ते म्हणाले. "मला तसंही—"

"—तसंही काम नसतं, ते खरं, पण तुमच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही हो, दाजी," मामा म्हणाला. "रोग्याच्या तोंडावर वेदना पाहिजे."

बाबांनी मान डोलवली आणि ते पेपर घेऊन बसले.

मामाने मग बिल्डिंगमधूनच मंडळी गोळा केली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आले, त्यांना छातीत दुखणं दिलं. समोरच्या शिवणवाल्या काकूंना जुनाट खोकला दिला. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला घोटा मुरगळून दिला आणि त्याच्यासाठी कुठूनशी एक कुबडीही आणली. सगळे आनंदाने कामाला लागले. एवढ्या वर्षांत कोणी त्यांच्या दुखण्याची इतक्या आपुलकीने चौकशी केली नव्हती. मामाने नियम घालून दिले. रांग जिन्यात लावायची, म्हणजे वातावरण तयार होतं. आणि घरात शिरल्यापासून मी पडदा पाडेपर्यंत कोणी भूमिका सोडायची नाही. मध्येच कोणी काही विचारलं, धमकावलं, तरी सोडायची नाही.

"आणि मला जर खरंच शिंक आली तर?" काकूंनी विचारलं.

"गिळायची. तुमचा खोकला आहे. शिंक पोस्टमास्तरांच्यासुद्धा वाट्याला नाही."

बातमी आजूबाजूच्या बिल्डिंगांत गेली. तिथूनही लोक यायला लागले. कोणाला कावीळ हवी होती, कोणाला नाव घेता येणार नाही असं काहीतरी भारी. रांग जिन्यावरून तळमजल्यापर्यंत उतरली.

तळमजल्यावर जुन्या डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांच्याकडे दुपारी दोनचार माणसं असत. आता ती दोनचारही दारावरून सरळ वर जाताना दिसू लागली. पोस्टमास्तर तर त्यांचे ठरलेले रोगी. छाती धरून, कण्हत, ते डॉक्टरांच्या दारासमोरून एकेक पायरी चढत वर गेले आणि थोड्या वेळाने शीळ घालत उतरले. डॉक्टरांनी हे तीन दिवस बघितलं. मग त्यांनी परवाने देणाऱ्या मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली, की वरच्या मजल्यावर एक मुलगी परवान्याशिवाय दवाखाना चालवते आणि तो चालतोसुद्धा.

कौन्सिलने तपासनीस पाठवला.

बिनपरवाना डॉक्टर पकडायची कौन्सिलची पद्धत अशी होती की तपासनिसाने रोग्याचं सोंग घेऊन जायचं, औषध मिळालं की ओळखपत्र काढायचं. हा तपासनीस मनाने सज्जन होता, पण त्याला सोंग येत नसे. त्याने आजवर एकालाही पकडलं नव्हतं. सगळ्यांनी त्याला बघताच सांगितलं होतं की तुम्हाला काही झालेलं नाही, घरी जा.

त्या दिवशी तो एक मफलर गुंडाळून, पोट धरून जिन्यातल्या रांगेत उभा राहिला. बाबा त्याच वेळी खालून वर येत होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या चष्म्याकडे पाहिलं आणि घाईने घरात शिरले.

"अरे, ऐका," ते म्हणाले, "तो मफलरवाला आहे ना, त्याच्या चष्म्याची काडी मीच बसवलीय. तो कौन्सिलचा—"

"—कौन्सिलचं पत्र उद्या येणार आहे, हॉलतिकीट घेऊन, मला माहितीय," भिंगरी म्हणाली. "बाबा, जरा बाजूला. पुढचा रोगी येतोय."

"तसं नव्हे, तो माणूस—"

"—माणूस चांगला दिसतो, पण नवीन आहे," मामा पडद्याआडून डोकावत म्हणाला. "मी बघतो. दाजी, तुम्ही चहा घ्या."

बाबांनी मान डोलवली नाही. फक्त खुर्चीवर बसले आणि दाराकडे बघत राहिले.

मामा जिन्यात गेला. "तुम्हाला काय दिलंय?" त्याने तपासनिसाला विचारलं.

"दिलं? मला पोटात दुखतंय."

"पोट गेलं. सकाळीच एकाने घेतलं. तुम्ही चक्कर घ्या."

"पण मला पोटच दुखतंय हो."

"पाठांतर झालेलं दिसतंय," मामा समजुतीने म्हणाला. "ठीक आहे, पोट करा. पण असे दोन्ही हातांनी काय धरता? कलिंगड उचललंय का तुम्ही? एक हात. आणि चेहरा असा, की बोलायचं आहे पण बोलवत नाही. हां, थोडं जमतंय."

तपासनीस घामाघूम होऊन आत आला. "डॉक्टर," तो म्हणाला, "मला सकाळी—"

"—उठल्यापासून पोटात दुखतंय, जेवलं की वाढतं, मळमळतं, बरोबर?"

तपासनिसाने आनंदाने मान हलवली. लक्षणं पाठ करताना त्याचा अर्धा दिवस गेला होता आणि जिन्यातच ती विसरली होती. भिंगरीने त्याला पलंगावर झोपवलं, पोट दाबलं. तो ओरडला. तिने हात उचलला, तरी तो ओरडत होता.

"काका," भिंगरी म्हणाली, "तुमची मेहनत दिसते, पण मी आता दाबत नाहीये. तुम्हाला काही झालेलं नाही. पुढच्या वेळी जरा—"

"—तयारी करून या," पडद्यामागून आलं.

'तुम्हाला काही झालेलं नाही' हे ऐकून ऐकून तो माणूस विटला असावा. त्याने मफलर काढला, खिशातून ओळखपत्र काढलं आणि उभा राहिला. "मी मेडिकल कौन्सिलचा तपासनीस आहे."

मामा पडदा सारून बाहेर आला. त्याचे डोळे चमकत होते. "क्या बात है. बघ भिंगरे, एकदम माणूस बदलला की नाही? आवाज, पाठीचा कणा, सगळं. ही भूमिका तुम्हाला कोणी सुचवली?"

"मी खरंच तपासनीस आहे."

"अगदी असंच म्हणायचं. वा."

"तो खरंच तपासनीस आहे," बाबा म्हणाले. "तेच मघापासून सांगत होतो."

आयुष्यात पहिल्यांदा बाबांचं वाक्य पुरं झालं होतं. म्हणून त्याचा अर्थ लागायला सगळ्यांना वेळ लागला.

तपासनीस खुर्चीत बसला. तक्रार आली आहे, तो म्हणाला, आणि चौकशी पुरी होईपर्यंत या मुलीला परीक्षेला बसता येणार नाही. भिंगरीच्या हातातून स्टेथोस्कोप गळून पडला. परीक्षा चुकली की परवाना नाही, परवाना नाही की जागा नाही. पुढची तारीख थेट रुजू होण्याच्या नंतरची होती.

"अहो, ही सगळी तालीम आहे," आई म्हणाली.

"तुम्ही जर औषध—"

"—एक गोळी दिली नाही," मामा म्हणाला.

"नाही, पण जर पैसे—"

"—एक पैसा घेतला नाही, उलट चहा पाजला," आई म्हणाली.

"मला बोलू तरी—"

"—द्या ना त्यांना बोलू," भिंगरी म्हणाली आणि तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं.

तपासनिसाने एक साधी गोष्ट ठरवली. जिन्यात रांग होती, तिलाच विचारायचं. ही माणसं खरोखर धडधाकट निघाली तर तक्रार खोटी. तो दारात गेला. पहिले पोस्टमास्तर होते.

"तुम्हाला काय होतंय?"

"छातीत कळ येते," पोस्टमास्तर म्हणाले.

"खरं सांगा. मी कौन्सिलचा माणूस आहे. तुम्ही आजारी आहात का?"

कोणी विचारलं, धमकावलं, तरी भूमिका सोडायची नाही. पोस्टमास्तरांनी आयुष्यभर नियम पाळले होते. "फार," ते म्हणाले आणि भिंतीला टेकले.

काकूंना विचारलं. त्या एवढ्या खोकल्या की खालच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला. बेकरीवाल्याने कुबडीवर भार टाकून सांगितलं, "या ताईंनीच मला उभं केलं, नाहीतर मी अंथरुणाला खिळलेलो." हे वाक्य त्याला कोणी दिलं नव्हतं. ते त्याचं स्वतःचं होतं आणि तो त्यावर खूश दिसला.

तपासनीस वळला. त्याच्या कपाळावर आठ्या होत्या. "ही तालीम आहे म्हणता?"

भिंगरी रडकुंडीला आली. "मामा, पाड ना पडदा."

मामाने दारात येऊन हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "पडदा."

त्यासरशी सगळा जिना बरा झाला. पोस्टमास्तर ताठ झाले. काकूंचा खोकला खोकता खोकताच थांबला. बेकरीवाल्याने कुबडी काखेत मारली आणि भट्टी चालू ठेवून आलोय म्हणत दोन-दोन पायऱ्या उतरत पळाला. कावीळवाला, चक्करवाला, भारी नावाचे आजारवाले, सगळे गप्पा मारत खाली गेले. तळमजल्यावरचे डॉक्टर खोकल्याच्या आवाजाने दारात आले होते, ते या निरोगी लोंढ्याकडे तोंड उघडं टाकून बघत राहिले.

तपासनिसाने ओळखपत्र खिशात ठेवलं. मग त्याने मामाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तक्रार मी बंद करतो. पण एक विचारू? माझं नेमकं कुठे चुकलं?"

मामाने त्याला खुर्ची दिली. त्यानंतर तपासनीस दोन-तीन संध्याकाळी आला. मामाने त्याला पोट शिकवलं, चक्कर शिकवली, बोलायच्या आधी खिडकीकडे बघायला शिकवलं. "तुमच्यात आहे," मामा त्याला म्हणाला, "फक्त शब्द विसरता. पण विसरलात तर घाबरू नका. मी आहेच."

इकडे घरात मात्र सगळे ओशाळले होते. बाबांचं वाक्य वेळेवर पुरं झालं असतं तर हा प्रसंगच आला नसता, हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती. भिंगरी शिवणवाल्या काकूंकडे जाऊन बसली.

"काकू, तुम्ही कोणाचं बोलणं कधी तोडत नाही. कसं जमतं?"

"कुठलं काय," काकू म्हणाल्या. "तोंडात टाचण्या असतात गं. बोलायला गेलं तर टोचतात. गिऱ्हाईक काय ते सगळं बोलून मोकळं होतं, तोवर मी माप घेऊन टाकते."

आईने टाचण्यांना परवानगी दिली नाही. मग काकूंनी डब्यातून एक मोठं काळं बटण काढून दिलं. भिंगरीने ते ओठांत धरलं. समोर पोस्टमास्तर बसले आणि त्यांनी आपल्या छातीची हकीकत सुरू केली. भिंगरीचे डोळे मोठे झाले, कान लाल झाले, पण बटण पडलं नाही. पोस्टमास्तर सांगत सांगत नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंत गेले आणि परत आले, तेव्हा कुठे खरी कळ डाव्या बाजूला नाही तर मधोमध आहे हे समजलं. मामाने दिलेली कळ नव्हे, त्यांची स्वतःची. ती नुसती जळजळ होती.

बटणं मग घरभर आली. मामाला दोन द्यावी लागली. त्या आठवड्यात कोणी त्या घरात डोकावलं असतं तर त्याला तीन माणसं ओठांत बटणं धरून एकमेकांकडे बघताना दिसली असती. बाबांना बटणाची गरज नव्हती. पण सगळे असे अचानक गप्प झालेले बघून त्यांना वाटलं, आपण तपासनिसाबद्दल बोललो म्हणून घरात राग धरलाय. त्यामुळे तेही बोलेनासे झाले. दुकानाचं शटर ओढायला ते शेजारच्या न्हाव्याला हाक मारू लागले होते, पण तेही त्यांनी घरी सांगितलं नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला. लेखी भाग भिंगरीने फडशा पाडल्यासारखा संपवला. दुपारी दुसरा भाग होता. घंटा झाली, तिने दार उघडलं आणि आत रोग्याच्या खुर्चीवर मफलर गुंडाळून तपासनीस बसला होता.

त्याचं असं झालं होतं की कौन्सिलने ठरवलेला खोटा रोगी त्या सकाळी खराखुरा आजारी पडला. साहेबांनी विचारलं, आपल्यात कोणाला सोंग येतं? तपासनिसाने आयुष्यात पहिल्यांदा हात वर केला.

भिंगरी काचेकडे वळून परीक्षकांना म्हणाली, "सर, मी यांना ओळखते. हे आमच्या घरी आले होते."

"रोगी ओळखीचेही असतात," पलीकडून आवाज आला. "सुरू करा."

तपासनिसाने एका हाताने पोट धरलं. खिडकीकडे पाहिलं. चेहरा असा केला, की बोलायचं आहे पण बोलवत नाही. सगळं इतकं छान झालं की काचेपलीकडे कोणीतरी पुढे सरकून बसलं. "डॉक्टर," तो म्हणाला, "मला..."

आणि थांबला.

भिंगरीला त्याच्या डोळ्यांत दिसलं की तो विसरलाय. त्याची नजर नकळत पडदा शोधत होती. पडदा नव्हता. मामा नव्हता. पुढचं वाक्य भिंगरीच्या जिभेच्या टोकावर येऊन उड्या मारू लागलं. सकाळी उठल्यापासून पोटात दुखतंय, जेवलं की वाढतं. नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. तिने ओठांत बटण आहे असं मानलं आणि ओठ घट्ट मिटले.

घड्याळाचा काटा सरकत होता. तपासनिसाच्या कपाळावरून घाम ओघळला. भिंगरीने खुर्ची थोडी जवळ घेतली, त्याच्याकडे बघून मान हलवली आणि वाट बघत राहिली. तो खिडकीकडे बघून आला, छताकडे बघून आला. शेवटी त्याचे खांदे पडले आणि तो अगदी मनापासून म्हणाला, "डॉक्टर, मला काहीच आठवत नाही हो."

भिंगरी पुढे झुकली. "कधीपासून?" तिने विचारलं.

"आत्तापासून."

"असं आधी कधी झालं होतं?"

"नेहमी होतं," तपासनीस म्हणाला. "चारचौघांत बोलायची वेळ आली की होतं. लहानपणापासून." आणि मग जे बांध फुटल्यासारखं सुरू झालं ते घंटा होईपर्यंत थांबलं नाही. भिंगरीने सगळं ऐकलं. त्याची नाडी बघितली, रक्तदाब बघितला, हात थरथरतात का ते बघितलं आणि शेवटी त्याला समजावलं की हा विसराळूपणा नाही, भीती आहे, आणि तिच्यावर उपाय आहे.

काचेपलीकडे परीक्षकांच्या हातातल्या कागदावर पोटदुखी लिहिलेली होती. त्यांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. मग एकाने दुसऱ्याला विचारलं, "आज कोणा रोग्याने एवढं सांगितलं का?"

"उरलेल्या पोरांनी त्याला तोंड कुठे उघडू दिलं," दुसरा म्हणाला.

निकाल आला तेव्हा भिंगरी पास होती आणि परवाना पदरात पडल्यावरही रुजू व्हायला दोन दिवस शिल्लक होते. घरात एकच कल्ला झाला. आईने शेजारीपाजारी सगळ्यांना बोलावलं. बेकरीवाला केक घेऊन आला, पोस्टमास्तर छाती न धरता आले. तळमजल्यावरचे डॉक्टरही आले आणि म्हणाले, "माझ्याकडे बसत जा अधूनमधून. तुझी रांग खाली आण." मामाने परीक्षेतल्या त्या शांततेची हकीकत तीनदा सांगायला लावली. तिसऱ्यांदा ऐकून म्हणाला, "आणि तू खरंच शब्द दिला नाहीस? मी असतो तर मेलो असतो."

पाहुणे गेल्यावर भिंगरी परवाना भिंतीवर लावायला स्टुलावर चढली. बाबांनी उजव्या हाताने खिळा धरला. हातोडी मात्र मामाला दिली.

"मी काय म्हणतो," बाबा म्हणाले.

मामाने तोंड उघडलं. आईने त्याच्या दंडावर हात ठेवला. मामाने तोंड मिटलं. भिंगरी स्टुलावरून खाली उतरली. सगळे बाबांकडे बघत उभे राहिले.

बाबांनी एकेकाकडे पाहिलं. असं सगळं घर आपल्यासाठी थांबलेलं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. "काय झालं?" त्यांनी घाबरून विचारलं. "माझं काही चुकलं का?"

भिंगरीने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

"नाही, म्हणजे," बाबा बसत म्हणाले, "हा डावा खांदा वर जात नाही. शर्ट घालता येत नाही, शटर ओढता येत नाही. मी सांगायला बघत होतो. तुझी तारीख ठरली त्या दिवशी सांगणारच होतो. मग विचार केला, तुला तरी परवाना कुठे आहे अजून. उगाच कौन्सिलवाले यायचे. म्हटलं, होऊ दे परीक्षा."

आईने पदर तोंडाला लावला. मामा आपल्या हातातल्या हातोडीकडे बघत राहिला. एवढे रोगी त्याने त्या जिन्यात उभे केले होते.

भिंगरीने दुसरी खुर्ची बाबांच्या समोर ओढली आणि बसली. मग तिने बाबांचा डावा हात हलक्या हाताने आपल्या हातात घेतला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

बाबा आठवायला लागले. त्यांना आता कसलीच घाई नव्हती.